बयनीसाठी ठेवलेली हिरवी

प्रिय मनोज,

पाकीट हातात पडल्यावर तू ते दोनदा उलटंपालटं करशील आणि म्हणशील, ताईला काय झालं, फोन असताना पोस्टात कशाला गेली. म्हण बापडा. फोनवर तू "हां ताई, बोल ताई" करतोस आणि मागे तुझ्या वापीच्या कंपनीतलं मशीन धडधडत असतं. त्या गडबडीत हे सांगण्यासारखं नाही. शिवाय तू हसला असतास. तू हसलास की मलाही हसू येतं आणि सांगायचं ते राहून जातं. आज घरात कोणी नाही, तुझे भावोजी भात कापायला गेलेत. शेणव्यात यंदा मजूर मिळत नाहीत, तरी मला विळ्याला हात लावू देत नाहीत. त्याचं कारण सांगेन, पण आधी साडीचं सांगते.

भाऊबीजेला येणं जमत नाही म्हणून दर वर्षी तू फोनवरून पैसे टाकतोस. या वेळी म्हणालास, ताई, साधीसुधी घेऊ नको, चांगली जरीची पैठणी घे, किमतीकडे बघू नको. तुझं काय जातं बोलायला. घ्यावी की नको यातच माझा दसरा गेला. पैठणी नेसून मी जाणार कुठे, अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढायला? बायका म्हणतील, सेविकाबाईंना सरकारनं पगारवाढ दिली वाटतं. मग वाटायचं, का नाही नेसायची? आयुष्यभर धुऊन विटणाऱ्याच नेसले, एकदा अंगाला जर लागू दे. पुन्हा मन मागे यायचं, की एवढी महागाची वस्तू आणि ती अंगावर चढणार किती वेळा? दुसऱ्या एखाद्या वर्षी हा प्रश्न मला पडला नसता. यंदा तो रात्रंदिवस डोक्यात होता.

शहापूर जवळ असून मी मुरबाडला गेले. बाजारपेठेतलं ते जुनं दुकान तुला आठवत असेल. आई आपल्याला घेऊन आत जायची आणि बाबा रस्त्यापलीकडे छत्री टेकून उभे राहायचे. ऊन असो, पाऊस असो, त्या दुकानाची पायरी त्यांनी कधी चढली नाही. आपण म्हणायचो, बाबा खर्चाला भितात. आई तेव्हा आपल्याकडे नुसती बघायची.

म्हातारे शेठ गेले, आता मुलगा बसतो, त्यालाच सगळे शेठ म्हणतात. दुपारची वेळ, वीज गेलेली, गिऱ्हाईक मी एकटीच. त्यानं जांभळी दाखवली, आमसुली दाखवली, मोरपंखी दाखवली. मी म्हटलं, हिरवी काढा. तो म्हणाला, "हिरवी एकच आहे ताई, पण ती ठेवलेली आहे." बघायला काय जातंय म्हणून मी हट्टच धरला. तुला माहीत आहे, नाही म्हटलं की मला तेच लागतं. त्यानं आतून आणून गादीवर पसरली. चुड्याच्या रंगाची हिरवी, वीतभर रुंद जरीचा काठ. दुकानात उकडत होतं आणि ती साडी रांजणातल्या पाण्यासारखी थंड होती. इन्व्हर्टरचं काय झालं ते बघायला तो आत गेला.

मी वळून बघते तर शेजारी एक बाई बसलेली. कधी आली ते कळलं नाही. वयानं तिशीची असेल. केस ओले, मोकळे सोडलेले, कपाळभर कुंकू, हातांना कोपरापर्यंत हळद. मला वाटलं कुठल्यातरी हळदीच्या घरातून उठून आलीय. साडीवरून ती हात फिरवत होती, पण कापडाला सुरकुती पडत नव्हती. पदर उचलून तिनं खांद्यावर घेतला आणि मला विचारलं, "कशी दिसते गो पोरी मला?" माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान बाई मला पोरी म्हणाली, तरी मला त्याचं काही वाटलं नाही. बघ कशी माझी मती गेली. मी म्हटलं, शोभते गो बाय, तुलाच शोभते, घे तू. तेव्हा ती हसली आणि तिच्या हनुवटीला खळी पडली, तुझ्या पडते तशी. म्हणाली, "मी कुठली घेऊ? भाऊ गेलाय आनाया. येतोच बोलला. लय टाइम झाला." मी साडीचा काठ सारखा करायला खाली वाकले. वर बघितलं तर तिथं कोणी नव्हतं.

शेठ बाहेर आले तेव्हा मी विचारलं, ती बाई कुठे गेली? ते म्हणाले, "कोण बाई? तुम्हीच पदर खांद्यावर टाकून आरशाशी बोलत होतात." मग माझा चेहरा बघून त्यांनी पाणी दिलं आणि गाव विचारलं. शेणवा म्हटलं, माहेर वैशाखरे, महिपतची मुलगी. तर त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, "मग ताई ही तुमचीच. वैशाखऱ्याचेच येऊन ठेवून गेलेत. बयनीसाठी काढून ठेवा म्हणाले."

मनोज, मला वाटलं तू येऊन गेलास. तुला कोणीतरी सांगितलं, आणि तू मला न भेटता येऊन बहिणीसाठी हिरवी ठेवून गेलास. भाऊ बहिणीसाठी गुपचूप हिरवी साडी कधी घेतो, ते आपल्यात कोणाला सांगायला नको. सवाष्ण बाई गेली की तिला न्हाऊ घालतात, हळदकुंकू लावतात, आणि माहेरची साडी अंगावर पडल्याशिवाय उचलत नाहीत. ती साडी भावानंच आणायची. मी त्या गादीवर बसून होते आणि मला वाटत होतं की माझी मापं घेऊन झाली.

मी विचारलं, कसा होता तो माणूस? शेठ म्हणाले, म्हातारे होते, पांढरी टोपी, काळी छत्री, पायरीवर बराच वेळ उभे होते, आत येईनात. शेवटी आले ते खाली मान घालून. म्हणाले, "या टायमाला भाव नाय करीत." पैसे जवळ नव्हते, म्हणून खूण म्हणून एक वस्तू ठेवून गेले. शेठनी खण उघडून ती माझ्यासमोर ठेवली. तंबाखूची चंची, मनोज. खाकी कापडाची, तोंडाला निळ्या दोऱ्याचे माझे वेडेवाकडे टाके. शाळेत शिवण शिकत होते तेव्हा घातलेले. बाबा गेले तेव्हा ती त्यांच्या उशाशी तूच ठेवलीस, आणि अग्नीही तूच दिलास. राख सावडताना आपण दोघं होतो. मी ती चंची हातात घेतली नाही. नुसती बघितली आणि शेठना म्हटलं, असू द्या, जपून ठेवा, माझा भाऊ येईल.

भिमाआत्या तुला आठवायची नाही, तू पाळण्यात होतास. बाबांची धाकटी बहीण, सापगावला दिलेली. बाळंतपणात गेली. निरोप आला तसे बाबा वैशाखऱ्याहून निघाले आणि साडीसाठी मुरबाडला या दुकानात चढले. म्हाताऱ्या शेठनी हिरवी, जरीकाठाची काढली. बाबांना ती फार आवडली, लाडकी बहीण होती ना. किंमत ऐकली आणि हात मागे घेतला. म्हणाले, जळायचीच तर आहे. बाबा कंजूष नव्हते रे, आपल्यासाठी स्वतः उपाशी राहिलेला माणूस. पण त्या दिवशी त्यांनी हिशेब केला, की एवढी महाग साडी घडीभर अंगावर राहणार आणि मग राख. दुसऱ्या दुकानात गेले, तिथून तिसऱ्या. भाव करून करून एक साधी सुती घेतली. सापगावच्या लोकांनी वाट बघितली, बघितली, आभाळ भरून आलं, शेवटी सासरच्याच साडीत तिला नेलं. बाबा पोचले तेव्हा नदीवर फक्त धूर होता. ती सुती साडी त्यांनी घरी आणली. आईच्या पेटीत तळाशी असायची ती, आठवते का? आईनं कधी नेसली नाही, कोणाला दिली नाही. मला हे सगळं आईनं तिच्या शेवटच्या आजारपणात सांगितलं. तुला सांगू नको म्हणाली, पोराच्या मनात बापाविषयी किंतू यायला नको.

आता कळलं ना बाबा पलीकडे का उभे राहायचे. आणि आता ते पायरी चढले, रे. पण कसं झालंय बघ, ते येतात तेव्हा ती नसते आणि ती येते तेव्हा ते नसतात. दोघं एकाच दुकानात एकमेकांची वाट बघतात, आणि दोघांच्याही हातात दमडी नाही. एसटीत मी किन्हवलीपर्यंत रडत आले. शेजारची बाई मला शेंगदाणे देत होती.

आमच्या शेजारच्या बाईजाआजीला मी हे सांगितलं. तिला ऐकू कमी येतं, म्हणून मोठ्यानं सांगावं लागलं, आणि मोठ्यानं सांगताना माझी मलाच भीती वाटली. ती म्हणाली, "शोभते बोललीस ना गो? मंग झालं. म्हायेरच्या मानसानं पसंद केली, आता ती तिची. तू नेसू नको." मी म्हटलं, मग मीच नेऊन देते नदीवर. तर माझ्यावर डाफरली. "तू कोन देनार? तू दुसऱ्या घरची. तिला भावाच्या घरचा हात पायजे." बाबांनंतर भावाचं घर म्हणजे तू. मी नुसती पसंत करणारी.

त्या दिवसापासून आत्या इथं येते. घाबरू नकोस, वाईट काही करत नाही. दुपारी भावोजी शेतावर असतात आणि मी ओटीवर तांदूळ निवडत बसते, तेव्हा आधी ओल्या हळदीचा वास येतो. मग सारवलेल्या ओटीवर ओली पावलं उमटतात, उंबऱ्यापर्यंत येतात आणि तिथंच थांबतात. परक्याच्या घरात बोलावल्याशिवाय शिरत नाही, वळण आपल्याच घरचं. बाहेरूनच विचारते, "माजं आलं का गो?" मी म्हणते, येईल गो आत्ये, निघालाय. मग ती पावलं वाळून जातात. आमची मांजर तेवढा वेळ चुलीमागे बसते, बाकी कोणाला काही कळत नाही. मलाही आताशा सवय झाली होती, खोटं कशाला सांगू.

पण काल ती उंबऱ्याशी आली आणि म्हणाली, "तुजं आलं का गो?" सुपातले तांदूळ सगळे ओटीवर सांडले. मनोज, माझ्या डाव्या छातीत गाठ आहे. श्रावणात लक्षात आलं, तेव्हापासून तुझे भावोजी मला ठाण्याला नेऊन आणताहेत, आणि भाऊबीज झाली की लगेच ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात वेळेवर सापडलीय, बऱ्या व्हाल, आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलंय. पण मला भीती वाटते रे. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू पैसे टाकले असतेस. मला पैसे नकोत. साडी घ्यावी की नको, असं मला पडलं होतं ना, तर घ्यावी, पण ती तू घ्यायची. एक पैसा कमी करू नकोस आणि दुसऱ्या दुकानाकडे बघूही नकोस. भाऊबीजेच्या आत रजा टाक, मुरबाडला उतर, शेठना चंची मागून घे आणि ती हिरवी उचल. तशीच सापगावला नदीवर ने, हळदकुंकू वाहून पाण्याकाठच्या दगडावर ठेव, आणि म्हण की आत्ये, माहेरचं आलं, उशीर झाला. चंचीही तिथंच ठेव, म्हणजे बाबांना कळेल. मागे वळून न बघता तिथून माझ्याकडे ये. मला मात्र काही आणू नकोस, साडी नको, खण नको, साधा रुमालसुद्धा नको. मी ओटीवरच बसलेली असेन आणि आधी तुझे हात बघेन. मनोज, माझ्याकडे रिकाम्या हातानं ये.

तुझीच,
ताई