एक्केचाळिसावी ओळ

३ मार्च

तक्ता संपता संपत नाही! दोनशे बारा स्फटिक, प्रत्येकाची एक ओळ. धातू कोणता, रंग काय, अणूंमधली अंतरं किती. पंचवीस वर्षांत या एका कुळातल्या स्फटिकांवर जे जे छापून आलं, ते सगळं एका आढावा लेखात बसवायचं. लेक म्हणाली, "म्हणजे दुसऱ्यांच्या गृहपाठाचा गृहपाठ!" हसले. खरंच आहे की.

९ मार्च

एक्केचाळिसाव्या ओळीशी अडकले. ती आमचीच. बावीस वर्षांपूर्वीची, निबंधावर दोनच नावं: सरांचं आणि माझं. तांब्याभोवती चार अणू, चार दिशांना, अगदी नेटके. तांबं इतकं नेटकं बसत नाही, असं सगळे म्हणायचे. आम्ही दाखवलं की बसतं! सरांचं नाव झालं ते त्यावर. माझी नोकरीही त्यावरच.

आज दुसऱ्या कुणाच्या जस्ताच्या स्फटिकाची ओळ भरताना हात थांबला. तीच अंतरं. शेवटच्या आकड्यापर्यंत तीच. क्ष-किरणांना तांबं आणि जस्त जवळजवळ सारखंच दिसतं. फरक माणसाने ओळखायचा असतो.

म्हणजे आमचं तांबं मुळात जस्तच तर नव्हतं?

१० मार्च

यंत्राजवळची जुनी नोंदवही शोधली. कपाटाच्या तळाशी होती, कोपरे झुरळांनी खाल्लेले. माझं चोविसाव्या वर्षीचं गोल गोल अक्षर: 'स्फटिक रंगहीन, सुईसारखा.' छापील निबंधात मात्र 'फिकट निळा'.

या कुळातलं तांबं रंगाशिवाय नसतं. रंगहीन म्हणजे जस्त. बाटल्यांची अदलाबदल झाली असेल, होतं तसं. पण रंग कुणी बदलला? लेखन सरांचं. मी फक्त मोजायचे.

११ मार्च

"आधी डोळ्यांनी बघ, मग यंत्राला विचार." हे शिकवणारा माणूस!

१४ मार्च

सरांकडे गेले. पलंग आता बाहेरच्या खोलीत आणलाय, उशाशी ऑक्सिजनचं नळकांडं.

"काय गं, यादी कुठवर आली?"

"होत आली, सर."

"माझ्याआधी संपव म्हणजे झालं." स्वतःच हसले, मग खोकत राहिले.

निघताना दारात सरांच्या बायकोला, काकूंना, सांगून टाकलं. राहवलं नाही. त्या कडीवर हात ठेवून ऐकत होत्या. "डॉक्टरांनी दोन-तीन महिने सांगितलेत," म्हणाल्या. "झाकली मूठ झाकलेलीच राहू दे गं."

१६ मार्च

ओळ काढून टाकली. दोनशे अकरा. लेख पाठवला.

२ मे

परीक्षकांचे अभिप्राय आले. पहिला खूश. दुसऱ्याने एवढंच लिहिलंय: "या कुळातली सर्वांत गाजलेली रचनाच तक्त्यात नाही. विसर, की संकोच?"

कोण असेल हा? परीक्षकाचं नाव कधीच कळत नाही. पण त्याला माहीत आहे. संपादकांनी उत्तराला दहा दिवस दिलेत.

६ मे

आज सरांना सगळं सांगितलं. नोंदवही त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी भिंग मागितलं आणि माझं अक्षर बघत बसले. खूप वेळ.

"मी रंगहीन लिहिलं होतं, सर. निळा कुणी केला?" आवाज चढला होता माझा. लाज वाटते आता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. परीक्षेत पोर अडखळलं की बघायचे, तसं.

"निबंध माझा. चूक माझी. घे लिहून."

संपादकांना चार वाक्यांचं पत्र सांगितलं. सहीला तीनदा पेन धरावं लागलं. मग म्हणाले, "ओळ परत घाल. शेजारी लिही, चुकीची म्हणून. गाळायचं नाही गं. गाळलेलं कुणी दुरुस्त करत नाही."

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्याच नाहीत.

जिन्यात रडले. पण इथे खोटं कशाला लिहू, हलकंही वाटलं. माझी नोंद खरी होती!

३० मे

लेख छापून आला. खाली सरांचं पत्रही. संध्याकाळी जुन्या सहकाऱ्याचा फोन. "म्हातारबुवांनी जस्ताला रंग फासला होय! आणि गुरूची विद्या गुरूलाच फळली की!" वर हसणं.

मी नुसतं "हं" म्हणाले. काहीतरी बोलायला हवं होतं.

४ जून

सर गेले. सकाळी, चहा अर्धा राहिला होता म्हणे.

५ जून

काकूंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांचं बरोबरच आहे. पण मी खरं तेच छापलं ना? मग एवढं का टोचतंय?

१९ जून

काकूंनी एक फाइल पाठवलीय. चिठ्ठी नाही. आत त्या निबंधाचा पहिला खर्डा, हाताने लिहिलेला. अक्षर माझं.

'रंगहीन'वर काट. त्याच्या डोक्यावर 'फिकट निळा', त्याच गोल गोल अक्षरात.

समासात सरांची पेन्सिल: "नक्की पाहिलंस?"

खाली मी: "हो सर."