धर्माची खुर्ची

प्रिय धाकट्या,

पत्राचं पाकीट बघून आधी दचकला असशील. घाबरू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. तुझे भाऊजी तर इतके ठणठणीत आहेत की सोफ्याला त्यांच्या आकाराचा खड्डा पडलाय. फोन सोडून पत्र का, तर फोनवर बाबांचं नाव काढलं की तुझं नेटवर्क जातं. हवामान विचारलं की रेंज असते, दुकान कसं चाललंय सांगितलं की असते, ‘बाबा’ म्हटलं की भर समुद्रात वादळ. कागदाला रेंज लागत नाही. तुझ्या जहाजाच्या एजंटाच्या ऑफिसातून हे तुला पुढच्या बंदरात मिळेल. तेव्हा बस आणि शेवटपर्यंत वाच. मधूनच घडी घालून खिशात टाकलंस तर ताईची शपथ आहे.

वाचनालयाची कौटुंबिक प्रश्नमंजूषा तुला आठवत असेल. एका घरातली चार माणसं, चार खुर्च्या, प्रत्येक खुर्चीच्या पाठीला पाटी: भूगोल, इतिहास, धर्म, खेळ. बाबा निवृत्त झाल्यापासून त्यांचं वर्ष या स्पर्धेपासून सुरू होतं आणि स्पर्धेपाशी संपतं. इतिहास अर्थातच त्यांचा. खेळ तुझ्या भाऊजींचा. बस पकडायलासुद्धा न धावलेला हा माणूस कुठल्या देशाने कुठल्या साली कुणाला हरवलं ते झोपेतही सांगतो. भूगोल माझ्या गळ्यात पडला, कारण चष्म्याच्या दुकानात लांबची नजर तपासायला मी जगाचा नकाशा लावलाय. आणि धर्माच्या खुर्चीत गेल्या वर्षी माझ्या सासूबाई होत्या. कुठलाही प्रश्न आला की हात जोडून म्हणायच्या, “देवालाच ठाऊक.” तात्त्विकदृष्ट्या उत्तर बिनतोड, पण गुण शून्य. आपण सपाटून हरलो, आणि तेही दंतवैद्याच्या घराकडून. हा दंतवैद्य बाबांचा विद्यार्थी, ज्याला त्यांनी अख्खं वर्ष बाकावर उभं केलं होतं. बक्षीस घेताना तो बाबांकडे बघून सगळे दात दाखवून हसला. त्याच्या धंद्यात ती जाहिरात असेल, पण बाबा आठवडाभर नीट जेवले नाहीत.

यंदा सासूबाई नणंदेकडे राहायला गेल्या आणि आपण उरलो तिघं. बाबांबरोबर नाव नोंदवायला मी गेले होते. ग्रंथपाल बाई नियमावर बोट ठेवून म्हणाल्या, “चारच लागतात, सर. मुलगा बोटीवर असतो म्हणता, मग सून नाही का तुम्हाला?”

साधा प्रश्न रे. त्या बिचारीला काय माहीत, की या प्रश्नावर आपल्या घरात दोन वर्षं संचारबंदी आहे! टेबलाभोवती पाच-सहा माणसं उभी. दंतवैद्याची बायको तर कान टवकारून. मी छताकडे बघायला लागले. तुझ्या लग्नाला न आलेला बाप, ‘त्या घरची, त्या धर्माची मुलगी माझ्या उंबऱ्यात नको’ म्हणालेला बाप, आता काय बोलतो? बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, “आहे. कामात असते.”

घरी येताना बाबांनी मला बजावलं, “नुसतं वस्तुस्थिती म्हणून सांगितलं. फार अर्थ काढू नकोस.” मी अर्थ काढला नाही. फोन काढला आणि तुझ्या बायकोला लावला.

ती एवढी हसली की तिच्या दवाखान्यातली दोन कुत्री भुंकायला लागली. “धर्मासाठी ज्यांनी मला घराबाहेर ठेवलं, त्यांना धर्मासाठी मी हवी आहे?” म्हणाली. आणि मग, हसू आवरल्यावर, “ताई, मी येईन. पण विचारायला त्यांनी यायचं. तुम्ही नाही.” रास्त होतं. पण बाबांना हे सांगणार कोण? तुझ्या भाऊजींनी सोफ्यावरूनच सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी बाबा बोक्याला टोपलीत घालून म्हणाले, “हा जेवत नाहीये. दाखवून आणतो.” बोका! उशीएवढा झालेला बोका, जो माझ्या ताटातलंही सोडत नाही! मी मुकाट्याने गाडी काढली.

दवाखान्यात रांग होती. एक ससा आणि एक पोपट यांच्या मध्ये बाबा ताठ बसून होते. नंबर आल्यावर तिने बोक्याला टेबलावर घेतलं, दात बघितले, पोट दाबलं, ताप घेतला. बोक्याने बाबांकडे असं बघितलं की तुमच्या भानगडीत माझी का विटंबना. मग ती शांतपणे म्हणाली, “बोक्याला काही झालेलं नाही. मालकाचं काय दुखतंय?” बाबा बोक्याकडे बघत म्हणाले, “आम्हाला चौथं माणूस हवं आहे.” तिने बोक्याच्याच कानामागे खाजवत उत्तर दिलं, “चौथं माणूस येईल.” एवढंच. बोक्याला मध्यस्थ म्हणून बक्षीस द्यायला हवं होतं. त्याऐवजी तिने त्याला जंताचं औषध दिलं.

सराव माझ्या दुकानात ठरला, कारण बाबा ‘घरी या’ म्हणेनात आणि ती आपण होऊन जाईना. चष्म्याचं दुकान म्हणजे तटस्थ राष्ट्र. संध्याकाळी शटर अर्धं ओढायचं, भिंगं घासायचं मशीन बंद करायचं आणि काउंटरभोवती चौघांनी बसायचं. पहिले काही दिवस सगळा कारभार तुझ्या भाऊजींमार्फत. बाबा म्हणणार, “त्यांना विचारा, कुस्तीच्या आधी जपानी पैलवान आखाड्यात मीठ का टाकतात?” ती म्हणणार, “भाऊजी, त्यांना सांगा, शिंतो धर्मात मिठाने जागा शुद्ध होते.” भाऊजी मधल्या मध्ये मान इकडून तिकडे फिरवून दमले. इतका व्यायाम त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच झाला.

पण काय सांगू तुला, तिला धर्माचं इतकं येतं की बाबांच्या भुवया खालीच येईनात. बास्केटबॉल शोधणारा मास्तर धर्मशास्त्राचा पदवीधर होता, ईस्टर बेटाला ते नाव पडलं कारण डच जहाजं तिथे ईस्टरच्या रविवारी पोचली, सगळं तोंडपाठ. मी न राहवून विचारलं, हे कधी वाचलंस गं? तर म्हणाली, “लग्न ठरलं तेव्हा. दोन्हीकडच्या मोठ्यांशी वाद घालावा लागणार म्हणून सगळ्यांचे धर्मग्रंथ वाचून तयार होते. माझ्या घरच्यांशी घातला. इकडे कोणी वाद घालायलाच आलं नाही. दारूगोळा तसाच पडून आहे.” बाबा खिडकीबाहेर बघत होते. पण कान इकडे होते, मला दिसलं.

मग एके दिवशी बुद्धिबळावरून ठिणगी पडली. बाबा म्हणाले, “ज्याला आपण उंट म्हणतो त्याला इंग्रज बिशप म्हणतात, म्हणजे धर्मगुरू, कारण चर्चने आपला माणूस पटावर घुसवला.” तुझी बायको भाऊजींना म्हणाली, की त्यांना सांगा, असं नाही. ती सोंगटी मुळात हत्ती होती. अरबांनी तिला दोन टोकं ठेवली, युरोपातल्या लोकांना ती म्हणे बिशपच्या टोपीसारखी वाटली. बाबा उसळले, “चूक!” धाकट्या, तुझ्या बायकोशी बाबा थेट बोलले तो पहिला शब्द ‘चूक’ आहे, नोंद करून ठेव. आणि तिनेही काउंटरवर हात आपटून सांगितलं, “तुमचंच चूक आहे, बाबा!”

‘बाबा’ तिच्या तोंडून निसटलं होतं. ती लाल झाली. बाबांनी समोर दृष्टी तपासायच्या पाटीवरची सगळ्यात खालची, बारीक ओळ वाचायला घेतली. मग तुझे भाऊजी सावकाश म्हणाले, “एकच सोंगटी. आपल्याकडे उंट, इंग्रजांकडे धर्मगुरू, फ्रेंचांकडे विदूषक, रशियनांकडे अजून हत्ती. म्हणजे नाव कुणी काहीही ठेवा, चाल तिरकीच.” आधी ती हसली. मग बाबा. मोठ्याने, पोट धरून. बाबांना असं हसताना मी शेवटचं कधी पाहिलं होतं, आठवेना.

त्यानंतर भाऊजींची दुभाष्याची नोकरी गेली. दोघं समोरासमोर भांडायला लागले आणि आम्ही नवराबायको चहा करायला मोकळे झालो. बाबांच्या तोंडची ‘ती बाई’ आता ‘डॉक्टर’ झाली. पण खरी गोष्ट घडली ती बोलिव्हियावरून. बाबांनी विचारलं, समुद्र नसलेला कोणता देश आरमार बाळगतो? मी सांगितलं, बोलिव्हिया. चिलीबरोबरच्या लढाईत त्यांचा किनारा गेला. तुझी बायको म्हणाली, “किनारा गेला तर आरमार कशाला?” बाबा म्हणाले, “कधीतरी परत मिळेल म्हणून.” चहा निवला. मग बाबा नकाशाकडे बघत, अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाले, “त्याचं जहाज सध्या कुठे आहे?”

ती उठली, नकाशापाशी गेली आणि बोट ठेवलं. बाबाही उठले. जवळचा चष्मा घरी राहिला होता म्हणून मी नंबर तपासायच्या ट्रायल फ्रेममध्ये भिंगं घालून त्यांच्या नाकावर बसवली. ते जाडं लोखंडी वर्तुळ घालून ते कितीतरी वेळ तुझ्या समुद्राकडे बघत उभे होते. दिसत होते विनोदी, पण मी हसले नाही. त्या दिवसापासून सरावाचा पहिला प्रश्न रोज तोच. भूगोलाची खुर्ची माझी, पण त्या एका प्रश्नाचं उत्तर मी कधी दिलं नाही.

आता स्पर्धेचं. अंतिम फेरीत आपण आणि दंतवैद्य, दोघांचे गुण सारखे. शेवटचा प्रश्न जोडणीचा: चार विषयांतून चार धागे, उत्तर एक झाड. भूगोल: भूमध्य समुद्राभोवती मुबलक. इतिहास: संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्यावर याच्या फांद्या. धर्म: महापुरानंतर नौकेवर परतलेल्या कबुतराच्या चोचीत याचं पान. खेळ: प्राचीन ऑलिंपिकमध्ये विजेत्याच्या डोक्यावर याचा मुकुट. तुझे भाऊजी कुजबुजले, “लॉरेल.” बाबा म्हणाले, “लॉरेलच.” तुझी बायको म्हणाली, “ऑलिव्ह. कबुतर लॉरेल घेऊन आलं नव्हतं, बाबा.” उत्तर फक्त कर्णधाराने द्यायचं. पलीकडे दंतवैद्याचा हात घंटीच्या वर तरंगत होता. बाबांनी आपली घंटी दाबली आणि उभे राहिले. सवयीने दोन्ही हात पाठीमागे बांधले, जणू वर्गच आहे. म्हणाले, “माझं स्वतःचं मत लॉरेल आहे.” आणि पुढे, “पण धर्माच्या खुर्चीत माझी सूनबाई बसली आहे. ती ऑलिव्ह म्हणते. तिला यातलं माझ्याहून जास्त कळतं. आमचं उत्तर, ऑलिव्ह.”

बरोबर होतं, हे सांगायला नकोच. टाळ्यांचा कडकडाट झाला. दंतवैद्य मोठ्या मनाने उभा राहून टाळ्या वाजवायला लागला, तर बाबा सवयीने ओरडले, “बस खाली!” आणि तो बसला रे, पटकन, हाताची घडी घालून! तुझी बायको हसता हसता रडायला लागली, की रडता रडता हसायला, मला चष्म्यातून नीट दिसलं नाही. माझाच चष्मा ओला होता. परत येताना बाबा गाडीतून उतरले, फाटक उघडलं आणि ते उघडं धरून उभे राहिले. ‘या’ म्हणाले नाहीत. नुसतं धरून राहिले. ती आत गेली. आता दर रविवारी जाते, दोघं तावातावाने भांडतात, आणि बोका तिला बघून कपाटावर चढतो.

हे सगळं तुला तिनेच सांगायला हवं होतं. पण बाबांनी तिला शब्दात अडकवलंय, “त्याला मी स्वतः सांगेन.” तिकडे तू तिला कळवलंस की उतरल्यावर दुसऱ्या शहरात घर घेऊ, या गावात आपलं कोण आहे. ती बिचारी ना ‘हो’ म्हणू शकत, ना ‘का नको’ ते सांगू शकत. मी कुणाला शब्द दिलेला नाही, म्हणून हे पत्र. आणि आणखी एक गोष्ट, त्याचसाठी खरं तर लिहायला बसले. तू परवा तिच्याकडे तक्रार केलीस ना, की बंदराला लागलं की एका अनोळखी नंबरवरून सारखे फोन येतात, समोरून कोणी बोलत नाही, नुसता श्वास ऐकू येतो, बँकवाले असतील, आता ब्लॉकच करून टाकतो म्हणून? करू नकोस, राजा. बाबांनी नवा फोन घेतलाय. पुढच्या वेळी वाजला की ‘कोण बोलतंय’ विचारू नकोस. ‘बोला, बाबा’ म्हण, आणि थांब. त्यांना जरा वेळ लागेल.

वाट बघणारी,
तुझीच,
ताई