पाचवं वाक्य

१२ जानेवारी २००१, वडसा

रंजीता मॅडमनी 'लुक फॉरवर्ड टू' शिकवलं – खुशीनं वाट पाहणं. वर होमवर्क! स्वतःच्या जिंदगीतली पाच वाक्यं. बारावीच्या इंग्रजीत दोनदा नापास, तिसऱ्यांदा बसून राह्यली. मी कशाची खुशीनं वाट पाहू? डोंबलाची!

१३ जानेवारी

सगळ्यांले विचारत सुटली. अम्मी म्हणे, "गॅसची. नंबर लावून दोन महिने झाले."

अब्बा मशीनवरून मान वर न करता – "नाटकाचा सीझन चालू आहे, राजाचा झगा अर्धा पडला आहे, अन् हिले वाट पाहाची सुचून राह्यली!" वडशाच्या निम्म्या नाटक कंपन्यांचे राजे जाफर टेलरनंच शिवलेले. माझे अब्बा!

चार वाक्यं झाली. गॅस, ईद, मंडईची जत्रा, मॅडमची सुट्टी.

१४ जानेवारी

पाचवं खरं लिहिलं. कागद नव्हता, मापाच्या चिठ्ठीमागं. 'मी गडचिरोलीला नर्स व्हायची खुशीनं वाट पाहते.' इंग्रजीत, एका दमात!

घरी सांगायची हिंमत नाई. अब्बांचे डोळे थकले, दुकान मीच सांभाळणार असं त्यांनी धरूनच ठेवलं आहे.

१५ जानेवारी

चिठ्ठी कुठी गेली? या अल्ला! अब्बा मापाची चिठ्ठी टाचणीनं कपड्यातच लावून देतात. झगा काल राजाचं काम करणाऱ्या लटारूभाऊंनी नेला!

१७ जानेवारी

लटारूभाऊ हसतच दुकानात. "जाफरभाऊ, तुमच्या चिठ्ठीनं इज्जत वाचवली!" कुरखेड्याकडच्या गावात प्रयोग. राजा बनून दरबारात उभे, अन् कमरेले फरमान खोचायचंच विसरले! हाताले झग्यातली चिठ्ठी लागली. उलट्या बाजूचं इंग्रजी खड्या आवाजात वाचलं. पब्लिकले वाटलं, राजा गोऱ्या साहेबाले दम देऊन राह्यला. वन्स मोअर! तीनदा वाचलं म्हणे!

हसून हसून माझं पोट दुखलं. मग अब्बा म्हणाले, "अक्षर तर तुझं असेल. मतलब काय त्याचा?"

खोटं बोलता आलं असतं. नाई बोलली. सगळं सांगितलं.

अब्बा सुईत दोरा ओवत बसले. चौथ्या खेपेले गेला. मले लई रडू आलं.

१९ जानेवारी

अबोलाच. इंग्रजी वाचली.

२३ जानेवारी

दुकानात पांढरं कापड आलं. विचारलं, "कोणत्या नाटकाचं?"

"नाटकाचं नाई." अब्बा टेप घेऊन उठले. "सरळ उभी राय. खांद्याचं माप घेऊ दे."

परीक्षासुद्धा व्हायची आहे अजून!