घाटावरच्या माणसाची समुद्रावरची राखण

गोरख, कंबर आता कशी आहे? हर्षाली, रत्नागिरीच्या हवेत सर्दी गेली का? जानकूभाऊ, डोळ्याची पट्टी निघाली असेल. प्रयागबाई समोरच बसली आहे, गुडघ्याचं तीच सांगते. माझी प्रकृती आणि डोकं दोन्ही ठिकाणावर आहेत. म्हणून मी भगवंत सोमाजी टाव्हरे, राहणार निरगुडसर, तालुका आंबेगाव, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

घर व पोस्टातली पुंजी पत्नी प्रयागबाई हिची. मळा मुलगा गोरख याचा. बाजरीचा एक कोपरा पाखरांसाठी उभा ठेवतो, तो पुढंही ठेवावा.

आता होडीचं. इंजिनं दुरुस्त करायला मी कोकणात जायचो. तिथला मासेमार जानकू, त्याच्या होडीला माझं इंजिन बसलं, म्हणून निम्मी होडी माझी. पहिल्याच फेरीत जाळ्यापाशी डॉल्फिन आले. तिकडं त्यांना गादा म्हणतात. मळ्यातल्या सवयीनं मी गोफण काढली. जानकूनं मनगट धरलं. "भाऊ, हा तुझा बाजरीचा मळा नाय. दगडानं मासळीबी पळेल."

पुढं एकदा, लावून सोडून दिलेल्या जाळ्यात गाद्याचं पिल्लू अडकलं. आई भोवती घिरट्या घालत होती. जानकूनं स्वतःचं नवंकोरं जाळं कापलं. तेव्हा मी म्हणालो, मळ्याला राखण लागते, तशी जाळ्यालाही हवी. जाळं एकटं सोडायचं नाही. गादा दिसला की ओढून घ्यायचं. चार मासे त्यानं नेलेच, तर तो पाखरांचा वाटा. घाटावरचं बुजगावणं आलं म्हणून धक्क्यावर लई हसले. आज तिथली प्रत्येक लहान होडी राखण ठेवते. हे लिहिताना छाती फुगते, लपवत नाही.

गोरख, पर्यटक भरून गाद्यांचा पाठलाग करणाऱ्या पावण्याला तू होडीतला आपला हिस्सा देऊ केलास, हे मला कळलं. म्हणून इंजिन व होडीचा हिस्सा नात हर्षालीचा. तिनं राखण मोडली तर तो जानकूचा.

गोफण मात्र तुझी. लहानपणी तू दगड न घालता नुसत्या फटकाऱ्यानं अख्खा थवा उठवायचास. एकाही पाखराला लागलं नाही. ते मी विसरलो नाही.

वरील मजकूर वाचून खालील दोघांसमोर सही केली.

साक्षीदार: बाजीराव हिंगे, रत्नदीप गायकवाड, दोघे राहणार निरगुडसर.

भगवंत सोमाजी टाव्हरे
निरगुडसर, १२ नोव्हेंबर २०२५

ता. क. घोडेगावला नोंदवण्याआधी सर्वांना नक्कल धाडतो आहे. गोरख, हरकत असेल तर लवकर लिही. भांडायला मी आहे तोवरच मजा आहे.