पंचामृतातला मानुका

क्वात्र बॉर्न, मॉरिशस,
२१ सप्टेंबर १९८६

चि. यशपाल,

तुला आणि रीताला भरभरून आशीर्वाद. इथे आम्ही ठीक आहोत. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, रागावू नकोस. बाजारातलं कपड्यांचं दुकान, आई, स्वयंपाक, यातून हात मोकळा होत नाही, आणि झाला की डोळे मिटतात.

तू विचारलंस, ऑकलंडच्या दुकानात मानुका मध तीन तऱ्हेचा मिळतो, आईसाठी कुठला पाठवू? काळा दाट, दुसऱ्या फुलांचा मिसळलेला, की लोण्यासारखा घोटलेला? काळा सगळ्यात महाग, पण तिकडे लोक तो जखमेला लावतात म्हणून मागच्या वेळी तोच धाडलास. बाबा रे, त्याचं काय झालं ते ऐक.

बाटली आली गणपतीच्या आदल्या दिवशी. मी दुकानात होते. आईने तो देवापुढे ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पंचामृतात ओतला. औषधासारखा कडवट! पोरं थुंकायला अंगणात पळाली. नंदलाल भटजींनी डोळे मिटून गिळलं. आई मात्र "माज्या यशपालनं धाडलंय" म्हणत वाटीभर प्यायली. साखरेचा आजार असलेली बाई! मी आधी ओरडले, मग रडले.

उरलेला तिच्या पायाच्या जखमेला लावू म्हटलं, तर तिने पाय पोटाशी ओढून घेतला. "देवाला दावलेली वस्तू पायाला लावत्यात व्हय? पाप लागंल, मो फी, माज्या पोरी."

तेव्हा मिसळलेला घे. गोड आहे आणि तुझ्या खिशालाही झेपेल. देवाला तो चालेल. पायासाठी आता कुठलाच नको.

पायाला थोडं लागलंय, असं मी लिहिलं होतं. तसं नाही रे. बोटं काळी पडलीत. डॉक्टर म्हणतात, पाय घोट्याच्या वर कापायचा, तोही लवकर, नाहीतर जीव वाचणार नाही. तुला कळवू नको म्हणून आईने शपथ घातली होती, पण आता गप्प बसवत नाही.

ती कापू देत नाही. काल डॉक्टरांनाच म्हणाली, "पोरगा येनार हाय. त्याला आनाया प्लेझांसच्या विमानतळावर मी दोन पायांवर हुबी ऱ्हानार. मंग काय कापायचं ते कापा."

दर पत्रात तू लिहितोस, लवकरच येतो. मी वाचून दाखवते आणि ती खरं मानते. तिला समजावून मी थकले, यशपाल. फार थकले.

तिकीट काढ. नाही जमत, तर तिला स्पष्ट लिही की येत नाहीस. खूप रडेल, पण पाय कापून घेईल. दोन्हींतलं एक कर, फक्त तिला असं ताटकळत ठेवू नकोस.

जे लिहिशील ते मीच तिला वाचून दाखवणार आहे.

तुझी ताई,
देवकी