पाणजांभळाचं बी

२४ मे २०२४
— आणि तिसरं सूपही उन्हात सरकवलं. पाणजांभळाचं बी, धुतलेलं, एकसारखं पसरलेलं. बोटं जांभळी. एक तारखेला नाल्याचं रुंदीकरण सुरू होणार. शेजारीण सोमारी, तिच्या शेताकडच्या काठावरची पाणजांभळाची झुडपं जाणार. या बियांची रोपं तरी उरतील.
शाळेतून निवृत्त झाल्यापासून इतका नीट दिवस गेला नव्हता.

२५ मे
ऊन कडक. बी खुळखुळू लागलं. छान!

२८ मे
सोमारी आली. सुपातलं एक बी दाताखाली धरलं. थुंकली.
"काऊन वाळवलं, गुरुजी? हे का धान हाय? जांभळाचं बी वाळलं का मेलं!"
तिन्ही सुपं! तिला हसू आवरेना. "एवढे पुस्तकं वाचले, एका बाईले इचारून नाई पाह्यलं?"
मग मीही हसलो. दुसरं काय करणार?

२९ मे
ताजं बी मिळतं का पाहायला दोघं झुडपांखाली गेलो. फळं संपलेली — पाखरांनी नेली, उरली ती अस्वलानं. मातीत एकही कोंब नाही. सावली मात्र दाट. मुळं पाण्यात लोंबतात, त्यांत बारीक मासोळ्या. सोमारीनं पाय पाण्यात सोडले.
"माही सासू इथीच बसे. आता मी कुठी बसू?" मग पलीकडे बोट. "रुंदच करायचा हाय तं तिकडून करा ना. तिकडं तुमचीच बांधी हाय!"
थट्टा असावी. माझ्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, तीच सर्वांत चांगली. पाणी धरून ठेवते.

३० मे
काही केलं नाही. दुपारभर वाचलं. एक पानही लक्षात नाही.

३१ मे
नाल्याच्या कामाचे इंजिनिअर भेटले. म्हणाले, कुठलाही काठ चालेल, जमीनमालकाची सही हवी. सोमारीबाईंनी केव्हाच केली!
हे ती बोलली नव्हती. तिच्या घरी जाऊन विचारलं.
"गावाले पाणी पायजे ना, गुरुजी," एवढंच. चुलीकडे वळली.
इंजिनिअरना फोन केला. जेवलो. झोप चांगली येणार.

१ जून
सकाळी मी सही केली. नऊला मशीन माझ्या बांधीत उतरलं. बारापर्यंत अर्धी बांधी गेली. सोमारीनं आंबील आणली. पहिला गिलास ड्रायव्हरला दिला.