काकूंच्या आवाजाची टेप

काका, काकूंची ती टेप वाजली. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, आता हे तुम्हाला सांगून काय उपयोग. पण गुरुवारपासून इतकं हलकं वाटतंय की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

अमेरिकेत ईडन प्रेरीला शिकायला आले तेव्हा मी बावीस वर्षांची होते, घरातली पहिली पदवीधर. टीव्हीचं चित्र घरच्या घरी टेपवर उतरवणारी मशीन आणि तिच्या टेपा ज्यांनी घडवल्या, त्यांतला एक माणूस, म्हणजे तुम्ही, आपल्या नागपूरचा आहे आणि दर शनिवारी त्याच्या बेसमेंटमध्ये मला काम करायला मिळणार आहे, याचं मला कोण अप्रूप होतं! काम जुन्या टेपांची यादी करण्याचं, पण तुम्ही शिकवलंत बरंच. टेपवरचा गोंद वर्षानुवर्षं ओलावा पिऊन चिकट होतो. ती तशीच चालवली तर आवाज धरून ठेवणारा तपकिरी थर खरवडून निघतो. म्हणून आधी मंद उष्णतेवर आठ तास वाळवायची. काकूंनी सफरचंदाच्या चकत्या वाळवायला आणलेलं यंत्र त्या गेल्यावर तुम्ही या कामाला लावलं होतं. "ती असती तर तिने मलाच वाळत घातलं असतं," म्हणून तुम्ही हसायचात.

त्या शनिवारी तुम्ही वर चहा टाकायला गेला होतात. एक टेप सुरुवातीचा थोडासा भाग सोडून गुंडाळलेली दिसली. वस्तू नीट आवरून ठेवायची घरची सवय; मी ती मशीनवर चढवली आणि पूर्ण वेगाने रिवाइंड केली. न वाळवता. ती किंचाळायला लागते, मी बटण दाबते, टेपवरचा आवाज वाचणाऱ्या हेडवर तपकिरी भुकटी साचलेली आहे, आणि जिन्यावर तुमची पावलं. खोक्यावर तुमच्या अक्षरात काकूंचं नाव होतं. मी कापसाने भुकटी पुसली आणि म्हणाले, "काका, ही आधीपासूनच खराब झालीय." तुम्ही चष्मा वर करून टेप उजेडात धरलीत. "असू दे गं. तो गोंद आम्हीच निवडला होता, आमच्याच टीमने. आता हात नको लावायला, जे उरलंय ते तरी राहील." मला रागावला नाहीत. स्वतःवर घेतलंत, आणि दोन महिन्यांनी गेलात.

मी आता विद्यापीठात जुन्या टेपा वाचवण्याचंच काम करते. ट्रॉयला राहणाऱ्या तुमच्या मुलीने, ताईंनी, तुमची खोकी आमच्याकडे पाठवली, त्यांत ती होती. आठ तास वाळवली, हाताने हळूहळू फिरवून पाहिली, मग लावली. पहिलं मिनिटभर नुसती खरखर. आणि मग काकू: "अहो, किती वेळ बोलू? भात लागेल तिकडे!" मागून तुम्ही: "बोल गं, आवाजाचा काटा हलतोय." पुढची वीस मिनिटं स्वच्छ. गोंदाने दगा दिला नव्हता, काका. तुमचं काम पक्कं होतं. जे गेलं ते माझ्या हाताने गेलं.

ताईंना फोनवर ऐकवलं. "ओ माय गॉड, आई कसली भांडतेय!" म्हणत त्या हसत होत्या, मग रडल्या. तेव्हाच मी सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "एकच मिनिट गेलं ना? त्यात बाबाच 'हॅलो, हॅलो, टेस्टिंग' करत असणार. डोन्ट वरी, यार." मीही हसले. कितीतरी वर्षांनी छातीवरचं काहीतरी उतरलं.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून एवढंही लिहिते. आमच्याकडे प्रत्येक टेपचा फॉर्म भरावा लागतो, नुकसान कशाने झालं त्यासह. आता तिथे माझं नाव आहे. पण टेप लावायच्या आधीच मी त्या रकान्यात लिहून ठेवलं होतं: जुना गोंद. ती वाजली नसती, तर मी ते खोडलं नसतं.